बुटक्याची चौऱ्याहत्तर पावलं

माणूस निवृत्त झाला की घरात बसून बायकोला छळतो, असं मला सगळ्याजणींनी आधीच सांगून ठेवलं होतं. मनाची तयारी होती. पण आमचे हे घरात बसलेच नाहीत. ते दफनभूमीत जाऊन बसले आणि तिथून मला छळू लागले. असंही होऊ शकतं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आमचे हे म्हणजे पाणीखात्यातले मीटरवाले. एकतीस वर्षं लोकांच्या दारामागची, जिन्याखालची, कुत्री बांधलेल्या अंगणांतली मीटरं वाकून वाकून वाचली. "एकतीस वर्षांत एक आकडा चुकला नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी यांची नजर आधी मीटर शोधते. अंगाने उंच आणि चालायचं ते ढांगा टाकत. लग्न झाल्यापासून मी यांच्या दहा हात मागेच आहे. त्यात कुठलंही अंतर पावलांनी मोजायची खोड. मागच्या खोलीला चटई आणायची होती तेव्हाही पावलांनीच मोजून गेले, आणि आणलेली चटई दोन्ही बाजूंनी भिंतीवर चढली. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझं मशीन आणि कापायचं टेबल आहे आणि टेप दिवसभर गळ्यात असते. घरात टेप असताना पावलं कशाला टाकायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

या सगळ्याची सुरुवात केली आत्यांनी. आत्या म्हणजे यांच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आता बारा वर्षं आमच्या मागच्या खोलीत राहत होत्या. त्या सात वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. धाकटा भाऊ, म्हणजे माझे सासरे, तेव्हा तीन वर्षांचा. त्याला कडेवर घेऊन आत्या त्या दिवसापासूनच मोठ्या झाल्या. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवलं. आत्या विसाव्या वर्षी नोकरीला म्हणून परत आल्या तेव्हा आईच्या कबरीवरचा लाकडी क्रूस कुजून गेला होता आणि जागा दाखवणारं कुणीच उरलं नव्हतं. त्यांना दफनाच्या दिवसाचं एकच आठवत होतं. जमीन ओली होती, त्यांचा एक बूट चिखलात रुतला आणि वडिलांनी तो तसाच सोडून त्यांना ओढत नेलं. दर वर्षी आईच्या तारखेला त्या फुलं घेऊन दफनभूमीत जायच्या. जिथे बेवारशी कबरी आहेत त्या भिंतीपाशी फुलं ठेवायच्या आणि परत यायच्या.

तर हे निवृत्त झाले, त्याच्या तिसऱ्या दिवशी आत्यांनी यांना बोलावून सांगितलं की आता तू रिकामा आहेस, माझी आई कुठे आहे ते शोध. मला तिच्याजवळ जायचंय. दफनभूमीच्या जुन्या भागात नवी कबर मिळत नाही. पण तिथे आपलं कुणी असेल आणि तीस वर्षं उलटली असतील, तर त्याच जागेत घरच्या माणसाला ठेवता येतं. अट एवढीच, की जागा बोट ठेवून दाखवायची. इथेच कुठेतरी असेल, असं म्हणून चालत नाही. आत्या तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. त्यांनी माझ्याकडून स्वतःचा शेवटचा पांढरा झगाही शिवून घेतला. माप मीच घेतलं. आत्या म्हणाल्या, कपडे तयार आहेत, आता फक्त पत्ता हवा.

हे म्हणाले, दोन दिवसांचं काम आहे. दफनभूमी माझ्याच हद्दीत होती, तिथला दगड न् दगड मला ठाऊक आहे. आणि चर्चच्या कार्यालयात जाऊन जुन्या वह्या काढून बसले.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, दोन महिने झाले. आई काही मिळाली नाही, पण बाकी सगळे मिळायला लागले. बाप्तिस्म्याच्या वहीत आत्यांचे आजोबा सापडले. लग्नाच्या वहीत त्या आजोबांचे वडील. मग यांनी दुसऱ्या गावांच्या चर्चना पत्रं लिहायला सुरुवात केली, पाठोपाठ बसने हिंडायला सुरुवात केली. आज या गावची दफनभूमी, उद्या त्या. पिशवीत भांडी घासायचा ब्रश, कोळशाचा तुकडा आणि माझं अस्तराचं कापड. झिजलेल्या दगडावर कापड ताणून धरायचं आणि वरून कोळसा घासायचा, म्हणजे अक्षरं उठतात. माझं तीन वारांचं पांढरं अस्तर अशा तऱ्हेने एका सुताराच्या मृत्यूची तारीख होऊन परत आलं. तो सुतार आमचा कुणी लागत नव्हता, हे नंतर कळलं.

घराण्याचा तक्ता यांनी माझ्या कापायच्या कागदावर काढला. कागद संपला की खाली दुसरा चिकटवायचे. तक्ता माझ्या टेबलावरून खाली उतरला, मशीनच्या पायाशी गेला, दाराबाहेर निघाला. गिऱ्हाईक आलं की मी म्हणायची, जरा जपून, पणजोबांवर पाय पडेल. त्यात एक होडीवाला होता, तीन लग्नं केलेला एक पाववाला होता, चर्चच्या घंटेच्या दोरीला लोंबकळला म्हणून वहीत ज्याची तक्रार आहे असा एक टवाळ होता. हा शेवटचा यांना विशेष प्रिय. रोज जेवताना त्याची गोष्ट. जिवंत बायको समोर बसून वाढतेय, तिच्या दाढेला ठणका लागलाय, त्याचं काही नाही; पण दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या त्या घंटेवाल्याला सर्दी झाली असती तरी यांनी काढा करून नेला असता.

आणि रोज संध्याकाळी मागच्या खोलीतून एकच प्रश्न यायचा. "माझी आई मिळाली का रे?"

"आत्या, आज तुझ्या पणजोबांचे वडील मिळाले."

"त्यांना घेऊन मी काय करू? मी ओळखते का त्यांना?"

मग हे म्हणायचे, शोध शास्त्रशुद्ध हवा, मुळापासून यायला हवं. आत्या म्हणायच्या, मुळापासून ये नाहीतर शेंड्यापासून ये, पण मी असेपर्यंत ये. माझं तर सांगून सांगून तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी. एका माणसाचा पत्ता विचारला तर हे आठ पिढ्यांची जनगणना करून आले होते, फक्त तेवढं एक माणूस सोडून.

अशी तीन वर्षं गेली. आत्या अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या. त्यांचा तो झगा मी दोनदा आवळला, कारण माणूस आतल्या आत वाळत चाललं होतं. त्यांचं हृदय आता कंटाळलंय, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आणि त्याच आठवड्यात दफनभूमीच्या फाटकावर पाटी लागली. महिनाअखेरपर्यंत ज्यांनी आपल्या माणसाची जागा दाखवून नोंद केली त्यांचाच हक्क राहील, त्यानंतर जुना भाग कायमचा बंद. हातात एकोणीस दिवस होते.

त्याच दिवशी मी एका बाहीचा कागद शोधत होते. यांच्या ढिगात माझा कागद जाणं नेहमीचंच. शोधता शोधता मीटरच्या जुन्या वहीचं एक पान हाती आलं. यांचं अक्षर, ठसठशीत, एकेक आकडा सुटा. आत्यांच्या आईचं नाव, दफनाची तारीख, आणि खाली चर्चच्या वहीतून उतरवून घेतलेली ओळ: फाटकापासून सरळ चौऱ्याहत्तर पावलं, मग उजवीकडे एकोणीस. पानाच्या कोपऱ्यात यांनी सवयीने उतरवल्याची तारीख टाकली होती. निवृत्तीनंतरचा चौथा दिवस.

मी ते पान घेऊन यांच्यासमोर उभी राहिले. हे तेव्हा होडीवाल्याच्या सासूच्या मागे होते.

"हे काय आहे?"

यांनी पान पाहिलं, चष्मा काढला. खाली बघत म्हणाले, "तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एका डॉक्टरच्या संगमरवरी कबरीवर जाऊन उभा राहिलो. त्याची कबर नंतरची आहे, तिथे आधी कुणी नव्हतं असं वही सांगते. आजूबाजूला दहा हात पाहिलं. काही नाही."

"मग आत्यांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुझी आई वहीत आहे पण जमिनीत नाही?"

म्हणजे तीन वर्षं जी पत्रं लिहिली, जे बसचे धक्के खाल्ले, जे पणजोबा, खापरपणजोबा, घंटेवाले, पाववाले गोळा केले, ते सगळं या एका ओळीपासून लांब पळण्यासाठी होतं. आकडा चुकत नाही म्हणणाऱ्या माणसाचा आकडा चुकत होता आणि ते सांगायचं धैर्य होत नव्हतं. मागे मागे गेलं की सोपं होतं, तिथे कुणी वाट बघत नव्हतं. मला इतका संताप आला की हातातली कात्री आधी खाली ठेवली. माणसाची दयाही आली, नाही असं नाही, पण रागाच्या खूप मागून, माझ्यासारखीच दहा हात मागून.

मग माझं लक्ष पुन्हा त्या ओळीकडे गेलं. माझ्या धंद्यात असलं रोज होतं. एखादी बाई येते आणि सांगते, मुलीचं माप पाठवलंय, छाती चार वीत आणि लांबी पाच वीत. मी आधी विचारते, वीत कुणाची?

"पावलं कुणाची?" मी यांना विचारलं.

"म्हणजे?"

"चौऱ्याहत्तर पावलं लिहिलंय. ती तुमची का? तुम्ही तेव्हा जन्मला तरी होता का?"

जगातलं प्रत्येक पाऊल आपल्या ढांगेएवढं असतं, या समजुतीत बासष्टावं लागलं होतं यांना. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चर्चच्या कार्यालयात गेलो. तिथले कारकून यांना बघताच खुर्चीत खाली सरकले. तीन वर्षांत बिचाऱ्यांच्या नाकी नऊ आले होते. मी विचारलं, त्या काळी वहीत जागा कोण लिहायचं? म्हणाले, लिहायचे फादर, पण मोजायचा खड्डे खणणारा. तो कार्यालयात येऊन तोंडी सांगायचा. आणि त्यांनी भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट केलं. नवी घंटा बसवली त्या दिवशीचा फोटो. मध्ये फादर, बाजूला सुतार, लोहार, आणि अगदी टोकाला हातात फावडं धरलेला एक इसम. फावडं त्याच्या कानापर्यंत आलं होतं. याला सगळे बुटक्या म्हणायचे, कारकून म्हणाले, खरं नाव कुणालाच माहीत नाही. ज्याने गावातल्या सगळ्यांच्या जागा लिहवून घेतल्या त्याची स्वतःची कुठे आहे हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

आमचे हे फोटोपुढे उभे होते. यांची मान शरमेने खाली गेली होती म्हणावं, तर नाही; ते त्या बुटक्याचे पाय बघत होते.

त्यानंतरचं काम मात्र यांनीच सुचवलं, आणि ते त्यांनाच सुचण्यासारखं होतं. मीटर बरोबर चालतंय का बघायचं तर ठाऊक असलेल्या मापाचं पाणी त्यातून सोडून बघतात. आत्यांच्या आईच्या दफनाच्या आगेमागे दोन वर्षांतल्या अशा कबरी हव्या होत्या, ज्यांची पावलं वहीत आहेत आणि दगड अजून जागेवर आहेत. अकरा मिळाल्या. मग मी फाटकाच्या खांबाशी टेपचं टोक धरायचं आणि यांनी पुढे जायचं, मग मी पुढे, मग पुन्हा हे. शेजारी राखणदार. त्याला वाटत होतं आम्ही जमीन विकायला काढलीय. दोन दिवस गवतातून वाकून वाकून माझी कंबर गेली. इंच भागिले पावलं, प्रत्येक कबरीचा हिशेब यांनी मीटरच्या वहीत मांडला. बुटक्याचं पाऊल वीस इंचांचं निघालं. अकरापैकी दहा वेळा बरोबर वीस. एकदाच साडेएकोणीस, त्या दिवशी दमला असेल.

आमच्या ह्यांचं पाऊल तीस इंचांचं आहे. तेही मी तिथल्या तिथे मोजलं, कारण मला राहवलं नाही.

माझी टेप साठ इंची, म्हणजे बुटक्याची तीन पावलं. फाटकापासून सरळ चोवीस टेप आणि वर दोन पावलं. तिथून उजवीकडे सहा टेप आणि एक पाऊल. शेवटच्या टेपला मी टोक धरून बसले आणि हे पुढे गेले. टेप ताणली गेली आणि तशीच राहिली. मी मान वर करून बघितलं.

समोर नळ होता. दफनभूमीतला नळ. सिमेंटचा ओटा, त्यावर नळ, आणि पुढ्यात लोखंडी झाकण, त्याखाली मीटर. राखणदार म्हणाला, पूर्वी इथे विहीर होती, ती बुजवली तेव्हा रिकामी जागा बघून शेजारीच नळ बसवला. इथली माती बाराही महिने ओली असते. आत्यांच्या आईच्या आदल्याच आठवड्यात एका बेकरीवाल्याच्या मुलीला पुरल्याची नोंद वहीत होती, चौऱ्याहत्तर आणि सतरा पावलांवर. हे ओट्याशेजारच्या झुडपात हात घालून चाचपू लागले. ओट्याच्या मध्यापासून चाळीस इंचांवर, पालापाचोळ्याखाली, तिचा छोटासा दगड होता.

हे झाकणाकडे बघत उभे होते. मग त्यांनी एक आकडा म्हटला, सात अंकी. त्या मीटरचा नंबर. दर दोन महिन्यांनी, एकतीस वर्षं, या झाकणापाशी ते गुडघे टेकून बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तीन वर्षांचा सगळा जाच त्या एका म्हणीत वसूल झाला असता. पण यांचा चेहरा बघितला आणि गिळून टाकलं.

घरी येऊन हे थेट मागच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहिले. यांनी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. चौथ्या दिवशी ओळ मिळाली होती हेही सांगितलं, आणि तीन वर्षं ते दडवलं हेही. आत्या खिडकीशी खुर्चीत होत्या. रागावतील असं मला वाटलं, खरं सांगायचं तर मला तसं हवंही होतं. त्या रागावल्या नाहीत.

"नळापाशी?" त्यांनी विचारलं.

"नळाखाली."

"मी तिथे दर वर्षी फुलांसाठी डबा भरायचे. परत निघताना बुटांचा चिखल धुवायचे." त्यांनी स्वतःच्या पावलांकडे बघितलं. "म्हणजे तिच्या अंगावर उभं राहून पाणी घ्यायचे आणि फुलं भिंतीला वाहायचे."

हे खाली बसले आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस, पाय पसरून. आत्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तशाच स्वरात म्हणाल्या, "रडतोस काय? नळ हलव. तुझंच खातं ना?"

अठ्ठावीस तारखेला जागेची नोंद झाली. हक्क मिळाला, पण नळ आहे तोवर तिथे खणता येणार नाही असा शेरा पडला. मग सुरू झालं यांचं पाणीखातं. नळ हलवायचा अर्ज तीन प्रतींत. चौथ्या खिडकीवरचा जो साहेब होता त्याला मीटर उघडायला यांनीच शिकवलं होतं. तो म्हणाला, नकाशा जोडलेला नाही. नकाशा जोडला तर म्हणाला, जागेच्या मालकाची सही हवी. सही आणली तर पहिल्या अर्जाची मुदत संपली होती. एकतीस वर्षं लोकांना जे ऐकवलं ते सगळं यांना व्याजासकट ऐकावं लागलं. रोज संध्याकाळी घरी येऊन हे खात्याला शिव्या घालायचे आणि मी मशीन चालवत ऐकायची. मला त्यातून थोडं सुख मिळत होतं, हे मी नाकबूल करत नाही.

पाच महिने गेले. डॉक्टरांनी पाच आठवडेही धरले नव्हते. नळ हलल्याशिवाय मी कुठेही जात नाही, असं आत्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. सगळं घराणंच हट्टी, तो घंटेवालाही यांच्यातलाच.

ओटा फोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आत्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. नळ पंधरा फूट पलीकडे गेला होता. इथे आता नुसती ओली काळी माती, सारखी केलेली. आत्यांनी खुर्ची जवळ घ्यायला लावली. माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं प्रार्थना म्हणतील. त्या नुसतं "आई" म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं.

"इतकी वर्षं हाकच मारली नाही," त्या मला म्हणाल्या. "तोंड कुणीकडे करायचं तेच कळायचं नाही."

मला रडू आवरेना. हे तर केव्हाचे झुडपाकडे तोंड करून उभे होते. निघताना आत्यांनी नव्या नळाकडे बघितलं आणि पाण्यासाठी आता किती चालावं लागेल म्हणून कुरकूर केली.

त्यानंतर त्या सात आठवडे होत्या. झगा मी तिसऱ्यांदा आवळला, बसून, हातशिलाईने. एका दुपारी झोपेत गेल्या. ज्या दिवशी त्यांना ठेवलं त्या दिवशीही जमीन ओलीच होती, आमच्या सगळ्यांचे बूट चिखलाने भरले.

नंतर नोंद करायला आम्ही दोघं कार्यालयात गेलो. आता सगळ्या कबरींना क्रमांक असतात. कारकुनांनी तो लिहिला आणि सहीसाठी वही यांच्यापुढे सरकवली. यांनी सही केली आणि पेन खाली ठेवायच्या ऐवजी शेऱ्याच्या जागी लिहायला लागले. तेच ठसठशीत अक्षर. फाटकापासून सरळ चौऱ्याहत्तर पावलं, उजवीकडे एकोणीस. थांबले, विचार केला, आणि पुढे लिहिलं: पाऊल वीस इंचांचं.

कारकून वैतागून म्हणाले, असलं काही लिहायला वहीत रकाना नाही. मी म्हटलं, राहू द्या, पुढे कुणीतरी शोधायला येईल.